ठिपक्यांचं यंत्र चालतं, पण चालणार नाही

सर,

तुमचं ठिपक्यांचं यंत्र बिघडलेलं नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही श्वास रोखून ऐकाल. यंत्र धडधाकट आहे. हिरवा दिवा लागतो, कागद ओढून घेतं, चाचणीचं बटण दाबलं की स्वतःच्या मनाने एक पान ठोकून दाखवतं, आणि त्या आवाजाने शेजारच्या वर्गातला भूगोल अजूनही थांबतो. तुम्ही देवाघरी गेलात त्याला बारा वर्षं झाली. तेवढ्यात माझे गुडघे गेले, यंत्राचं काही गेलं नाही. तरीही या दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते मुकं होतं, आणि त्या मुकेपणाचा मला जो संताप आला आहे तो ऐकून घेणारं माणूस शाळेत उरलेलं नाही. स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की लोकांना एकदम आपापले तास आठवतात. तुम्हाला आता तास नाहीत, तेव्हा तुम्ही ऐका.

ते यंत्र आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. तुमच्या निवृत्तीसाठी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी शाल, श्रीफळ आणि चांदीचं निरांजन ठरवलं होतं, आणि ते विचारायला दोघं-तिघं तुमच्या ओटीवर आले होते. तुम्ही म्हणालात, "शालीने मला उकडेल. रत्नागिरीत शाल पांघरून हिंडणारा माणूस पाहिलाय कोणी? मी तर नाहीच पाहिलेला." सगळे एकमेकांकडे बघतायत, आणि तुम्ही एकटेच हसताय. मग म्हणालात, शाल नको, संगणकातला मजकूर जाड कागदावर ब्रेलच्या ठिपक्यांत ठोकून काढतं ते यंत्र द्या, आणि मला देऊ नका, शाळेला द्या. माझ्यामागून माझ्यासारखं कोणी आलं तर त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायला लागू नये. मुंबईहून ते एका लाकडी खोक्यातून आलं. नंतरची सहा वर्षं तुम्ही रोज प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसून संस्कृत व्याकरणाची टिपणं केलीत, आठ भाग. त्या खोलीच्या भिंतीचा चिरा पावसाळ्यात घाम आल्यासारखा पाझरतो आणि कागद पापडासारखा मऊ पडतो, तरी तुम्ही बसलात. सहा वर्षांत तुमच्यासारखं कोणी आलं नाही. त्यानंतरही दहा-बारा वर्षं आलं नाही.

आता आली आहे. आंजर्ल्याची मुलगी. वडील बोटीवर खलाशी, घरी वर्षातून दोनदा, म्हणून ही इथे मामाकडे राहते. जन्मापासून दिसत नाही, आणि मामीचं म्हणणं असं की जन्मापासून कोणाचं ऐकतही नाही. यंदा दहावीला आहे. हिंदी घे, सोपं पडेल, असं तिला सगळ्यांनी सांगितलं, म्हणून तिने संस्कृत घेतलं. तुमचे पहिले तीन भाग तिने असे खाल्ले की जूनमध्ये तिसरा संपवून ती माझ्यासमोर हात पसरून उभी. चौथ्यापासूनच्या जुन्या प्रती मी पेटीतून काढल्या, तर इतक्या पावसाळ्यांच्या दमटपणाने त्यांचे ठिपके बसले होते. बोट फिरवावं तर कोरा कागद. मी म्हटलं, हरकत नाही, संगणकात सगळे भाग आहेत, नवीन काढून देते. जाड कागद यायला गणपती उजाडले. मग सहामाही परीक्षा आली. मग दसरा आला, आणि दसऱ्याच्या दिवशी संगणकाची प्रणाली बदलली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्या शिपाई मावशी दरवर्षी शाळेतल्या यच्चयावत हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वेळी तरण्याताठ्या होत्या, आता मेमध्ये निवृत्त होतील. घंटेचा टोल, प्रयोगशाळेतला तराजू, शिवणाचं मशीन, संगणक, आणि शेवटी तुमचं यंत्र. हळदकुंकू, झेंडूचं फूल, चार अक्षता. यंदाही केली. आणि दसऱ्यानंतर शाळा उघडली तर संगणक म्हणतो, जोडलेली वस्तू ओळखता येत नाही. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, काय झालं असेल. मी म्हटलं, पूजेत काहीतरी आत गेलं असणार. दुकानातून दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण उघडलं आणि कागदाच्या खाचेतून तांदळाचे तीन दाणे काढून टेबलावर मांडले. झालं. मुख्याध्यापकांनी मावशींना सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढे त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, केर काढायलासुद्धा. मावशी म्हणाल्या, "इतकी वर्षं कुंकू लावतेय. यंत्रान् ह्याच वर्षी खाल्लंन काय?" दुरुस्तीवाल्याने झाकण बसवलं. मी त्याच्या पावतीवर सही केली.

दाणे काढले तरी यंत्र बोलेना, म्हणून मी ज्यांनी ते विकलं त्या मुंबईच्या लोकांना फोन लावला. फोनवर एक अत्यंत गोड मुलगा. "मॅडम, ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही." मी विचारलं, म्हणजे बिघडलंय का? "नाही मॅडम, बिघडलेलं नसणार. ती मशीन फार मजबूत होती." मग? "नव्या सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनीने काढलेला नाही." म्हटलं, मग काढा. "आता नाही काढणार मॅडम. त्या प्रॉडक्टचं आयुष्य संपलं." मी म्हटलं, अरे, ते माझ्यासमोर बसलंय, दिवा लागलाय, तू आवाज ऐक. आणि चाचणीचं बटण दाबून फोन यंत्राजवळ धरला. पान ठोकून होईपर्यंत तो बिचारा थांबला. मग म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. चालतं. पण चालणार नाही."

सर, मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. प्रत्ययाचा लोप झाला, तो दिसेनासा झाला, तरी त्याचं कार्य होत राहतं, हे मुलांच्या गळी उतरवताना माझा दरवर्षी एक आठवडा जातो. इथे नेमकं उलटं. वस्तू डोळ्यांसमोर ढळढळीत, आणि कार्याचा लोप. मेलं कोण, तर मधला दुभाषा. संगणकाची भाषा यंत्राला आणि यंत्राची संगणकाला सांगणारी एक छोटीशी आज्ञावली, तिला ड्रायव्हर म्हणतात. प्रणाली बदलली की दुभाषा नवा लागतो. तो लिहायला एका माणसाचे फार तर काही दिवस जातील. पण तो लिहायचा की नाही हे ज्या टेबलावर ठरतं, त्या टेबलाशी आंजर्ल्याची मुलगी बसलेली नसते. बसलेला असतो तो नवं यंत्र विकणारा.

मग मी शिक्षणखात्याच्या वरच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, त्याअर्थी काम होणार नव्हतं. म्हणाले, "बाई, आता कोण ठिपके वाचतं? मोबाइलवर सगळं ऐकायला मिळतं. तिला ऑडिओ द्या." मी म्हटलं, बाकीच्या मुलांची पुस्तकं बंद करून त्यांनाही ऑडिओ द्यायचा का? ते हसले. मला विनोद करायचा नव्हता. शाळेत परतले तर मुख्याध्यापक म्हणाले, बोर्डाचा अर्ज भरायच्या आत तिचा विषय बदलून टाकू, हिंदीचं सगळं ऐकायला मिळतं, पोरीचं नुकसान नको. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच तिचं नुकसान नको होतं. मी हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मला ऐकायला येतंय. पण ऐकताना ते पुढे पुढे जातं आणि मी मागे राहते. वाचताना मी जाते." एवढंच म्हणाली आणि काठी घेऊन निघाली. तिने भांडावं अशी माझी फार इच्छा होती.

त्या संध्याकाळी मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी नववीत आहे. रविवारी दुपारी तुम्हाला वाचून दाखवायला येते. तुम्ही पाटावर बसलेले, पुढ्यात सूप, सुपात कुळीथ. काकू माहेरी गेल्यात. तुमची बोटं कुळथातून फिरतात, खडा लागला की न थांबता उजवीकडे टाकतात, आणि मी एका संस्कृत टीकेचं पान वाचतेय. बाहेर मैत्रिणी खोळंबल्यात. टीकाकार एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागतो तेव्हा मी अर्धं पान उडी मारते. आवाज बदललेला नाही, श्वाससुद्धा नाही. तुमची बोटं थांबतात. "मधलं कुठे गेलं?" मी म्हणते, सर, तेच तेच होतं. "कुळीथही तेच तेच असतात," तुम्ही म्हणता. "खडा कुठला ते मी ठरवतो. तुला वाचायला बसवलंय, ठरवायला नाही." मला रडू आलं होतं. तुम्ही वाटीभर भाजलेले काजू पुढे सरकवलेत, पण ते अर्धं पान वाचून झाल्यावर. त्या वयात वाटलं, काय हा दुष्टपणा, एवढ्याशा पानासाठी. आता साहेबांनी दिलेल्या खुर्चीत बसून आल्यावर कळलं की दुसऱ्याच्या डोळ्यांनी जगणाऱ्याचं निम्मं आयुष्य असंच कोणीतरी परस्पर उडी मारून टाकलेलं असतं, आणि तेही म्हणे त्याच्याच सोयीसाठी. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा समितीने विचारलं होतं, फळ्यावर कोण लिहिणार. तुम्ही म्हणालात, मुलं लिहितील, नाहीतरी शिकायचं त्यांनाच आहे. मला असं उत्तर वेळेवर कधीच सुचत नाही. मला दुसऱ्या दिवशी सुचतं.

वाट सापडली ती बंदरावर. मिरकरवाड्याला तुमचा एक विद्यार्थी आहे, संस्कृतात दोनदा नापास झालेला. आता चाळिशी उलटली, मासेमारीच्या बोटींवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करतो. मी गेले तेव्हा एका होडक्यावर पाय टाकून बसला होता, मांडीवर कळकट लॅपटॉप. सगळं ऐकून घेतलंन आणि म्हणाला, "ताई, हितं बोटीवर पंधरा-पंधरा वर्षांची यंत्रं आहेत. कंपनी इसरली, मासा नाय इसरला." मग म्हणाला, पैसे न देता मिळते ती एक प्रणाली आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, ती शाळेतल्या जुन्या संगणकावर घालू. मी विचारलं, तिच्यात तरी आपल्या यंत्राचा दुभाषा आहे का? "अगदी तुमच्या यंत्राचा नसंल. पण एक साधा दुभाषा आहे, सगळ्या छपाईयंत्रांना चालतो. तुमचं यंत्र अडाणी आहे, म्हणून वाचलं. अक्षर आलं की ठोकायचं, येवढंच त्याला कळतं." मी विचारलं, हा दुभाषा लिहिला कोणी? त्याने खांदे उडवले. "आसंल कोणतरी. त्याच्याकडंबी आसंच जुनं यंत्र आसंल."

आणि तांदूळ? मी विचारलं. तो हसला. "तांदूळ काय करणार, ताई? अपडेटान् मारलंन. केला कोणी?" मी म्हटलं, आपोआप झाला. त्याने लॅपटॉपवरची नजर काढली नाही. "आपोआप नाय होत. इचारतो तो."

विचारतो, सर. संगणक सहा महिने विचारत होता. प्रणाली बदलली असं मी वर लिहिलं, ते तसं नाही. मी बदलली. आधी परीक्षा होत्या, मग पितृपक्ष, त्यात कोणी नवं काही सुरू करतं का? मग म्हटलं, दसरा साडेतीन मुहूर्तांतला, घेऊ करून. पाटीपूजन आटोपून मी एकटीच त्या खोलीत गेले आणि 'होय' वर बोट ठेवलं. प्रसादाच्या साखरेचा हातसुद्धा धुतला नव्हता.

पुढचं काम त्याने केलं नाही, मला करायला लावलं. म्हणाला, सरांनी मला आसंच शिकवायचा प्रयत्न केलान, तुम्ही तरी शिका. त्या प्रणालीची गंमत अशी की तिच्यात प्रत्येक यंत्र म्हणजे एक फाइल असते. कळफलक फाइल, माउस फाइल, पेनड्राइव्ह फाइल. सगळ्यांची नावं एका कप्प्यात मांडलेली. वायर जोडली की तिथे नाव उगवतं, काढली की मावळतं. यंत्राला काही सांगायचं असेल तर त्याच्या नावाच्या फाइलीत लिहायचं, संपलं. एक फाइल तर अशी आहे की तिच्यात काहीही लिहा, ते नाहीसं होतं, कायमचं, तक्रार न करता. मी म्हटलं, ही मला माहीत आहे, वरच्या कार्यालयात हिचंच टेबल आहे. तो इतका हसला की लॅपटॉप होडक्यात पडता पडता राहिला.

शाळेत येऊन मी जुन्या संगणकावर ती प्रणाली घातली आणि त्याला यंत्र जोडलं. कप्प्यात नाव उगवलं. सर, तीन आठवड्यांनी कोणीतरी मान्य केलं की ते यंत्र आहे. मी चौथ्या भागाची फाइल त्याच्या नावावर लिहायला सांगितली आणि उत्तर आलं, परवानगी नाही. माझं डोकंच फिरलं. त्या प्रत्येक फाइलीपुढे लिहिलेलं असतं की हिच्यात कोणी लिहायचं. लोकांचे तीन वर्ग, मालक, मालकाने नेमलेला गट, आणि बाकीचे. मी बाकीच्यांत. तुमच्या शाळेत, तुमच्या यंत्रापुढे, मी बाकीची. ग्रंथाच्या आरंभी तो वाचायचा अधिकारी कोण ते सांगायची आपली रीत तुम्ही शिकवलीत, आणि लगेच हेही शिकवलंत की तिथे अट जिज्ञासेची असते. इथे माझ्या जिज्ञासेला कोणी विचारलं नाही. बंदरावर फोन लावला. तो म्हणाला, "तुमचं नाव गटात घाला." घातलं. तरी परवानगी नाही. पुन्हा फोन. "आता भायेर पडा आनि परत आत या. मेंबर झालात तरी आधी एकदा भायेर जायाला लागतं." मी बाहेर पडले, आत आले, तीच ओळ पुन्हा लिहिली.

यंत्राने कागद ओढला आणि ठोकायला लागलं. भूगोल थांबला. मुलीला बोलवायला कोणाला पाठवावं लागलं नाही, ती आवाजावर आली. पहिलं पान मी फाडून हातात दिलं, तिने दारातच उभ्याने त्यावर बोटं ठेवली. वाचताना तिचे ओठ हलत नाहीत, तुमचे हलायचे. अकराव्या पानाशी थांबली. म्हणाली, "बाई, सर इथे लिहितात, याचा विचार पुढे बघू. पुढे कुठे बघितलेलं दिसत नाही." मी म्हटलं, ते त्यांच्या आवडीचं वाक्य होतं, वर्गातही असंच करायचे. "मग मी शोधते पुढच्या भागात," ती म्हणाली, आणि पुढच्या पानासाठी हात पसरला. सर, तुमची अशी हजेरी घेणारी विद्यार्थिनी तुम्हाला मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं. अर्जावर विषय संस्कृतच राहिला. आता संक्रांत झाली, आणि तिच्या हातात सातवा भाग आहे.

त्या दिवशी आवाज ऐकून मावशीही आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर थांबल्या, पाय आत टाकला नाही. "चाललं?" म्हणाल्या. मी म्हटलं, चाललं. "मग ते माझ्या तांदळाचं काय निघालं, बाई?" मी कागद सरळ करत होते. मी म्हटलं, "झालं आता, मावशी. सोडा." त्या गेल्या. अजून त्या खोलीचा केर मीच काढते, आणि लोक समजतात की गुरूंच्या यंत्राची मी सेवा करते.

या सगळ्यात मी यंत्राच्या कंपनीला चार पत्रं लिहिली, वरच्या कार्यालयाला तीन, एका वर्तमानपत्राला एक, तेही फार जळजळीत. मुख्याध्यापकांना लिहायच्या आहेत त्या फक्त दोन ओळी. दोष अक्षतांचा नव्हता, प्रणाली मी बदलली. त्या लिहिलेल्या नाहीत. मावशी मेमध्ये निवृत्त होतील, त्याच्या आत लिहीन, असं मी आज मनाशी म्हटलं, आणि कागद पुढ्यात घेऊन तुम्हालाच लिहीत बसले.

हे तुम्हाला द्यायचं तर ठिपक्यांत काढायला हवं. यंत्र चालू आहे, कागद आहे, परवानगीही आहे. पण त्या यंत्रातून निघालेलं प्रत्येक पान आधी ती मुलगी वाचते, आणि मधल्या सुट्टीच्या आत ते मावशींना कळेल. म्हणून हे मी पेनाने लिहिलं आहे, तुम्हालाही आणि तिलाही वाचता येणार नाही असं.